वाळवंटातले घुबड काय खाते?

मराठी भाषेने घुबडाला फारसे बरे वागवलेले नाही. तोंड फुगवून बसलेल्या मुलाला आपण घुबड म्हणतो. उजेडात यायला भितो तो दिवाभीत. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा तेवढा आपल्याला चालतो, कारण त्याच्या हाती कंदील आणि तोंडी शुभ शब्द असतात. ज्या पक्ष्यावरून त्याला हे नाव मिळाले तो पक्षी मात्र घराच्या आढ्यावर बसलेला कोणाला खपत नाही. संस्कृत वाङ्मयातही उलूकाच्या वाट्याला हेच आले. महाभारताच्या सौप्तिकपर्वात झोपलेल्या कावळ्यांचा संहार करणारे घुबड पाहूनच अश्वत्थाम्याला रात्रीच्या हत्याकांडाची कल्पना सुचते. पंचतंत्राचे तिसरे तंत्र तर कावळे आणि घुबडे यांच्या हाडवैरावरच उभे आहे. उलट बंगालमध्ये हाच पक्षी लक्ष्मीचे वाहन झाला आणि ग्रीकांनी त्याला विद्यादेवी अथीनाच्या शेजारी नेऊन बसवले. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याचे शास्त्रीय नाव 'अथीनी ब्रामा' असे आहे. म्हणजे ग्रीकांची देवता आणि आपला ब्रह्मदेव या दोघांनी मिळून त्याचे बारसे केले म्हणायचे!

शुभ की अशुभ, शहाणे की मूर्ख, याचा असा पुष्कळ खल झाला. एक साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हा पक्षी खातो काय? आणि त्याहून पुढचा प्रश्न असा की, जिथे आपल्याला खाण्याजोगे काहीच दिसत नाही अशा वाळवंटात तो खातो काय?

मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे. प्राणिशास्त्राच्या अंगणात शिरण्याचे कारण एवढेच की, आमच्या पाठ्यपुस्तकांत वाळवंट फार थोडक्यात आटोपलेले असते. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, दिवसरात्रीच्या तापमानात मोठी तफावत, वनस्पती विरळ, प्राणिजीवन अल्प, झाले! परंतु अमेरिकेतील सोनोरन, आफ्रिकेतील सहारा, पश्चिम आशियातील नेगेव्ह आणि आपले थर या चारही वाळवंटांत घुबडे राहतात, आणि घुबड तर पूर्णपणे मांसाहारी. पंगतीत शेवटी बसणारा जर पोटभर जेवत असेल, तर आधीच्या पंगतींनाही काही वाढलेले असलेच पाहिजे. म्हणून घुबडाच्या आहाराचा अभ्यास हा एका अर्थाने त्या प्रदेशाचाच अभ्यास ठरतो.

रोजकीर्द

घुबडाने काय खाल्ले हे कळते कसे? तो रात्री शिकार करतो, अंधारात गिळतो आणि उजाडण्यापूर्वी आपल्या जागी परततो. पण सुदैवाने तो आपल्या जेवणाची नोंद मागे ठेवतो.

घुबड लहान शिकार चावत नाही, अखंडच गिळते. इतर पुष्कळ पक्ष्यांना असते तशी अन्न साठवण्याची गळ्यातली पिशवी त्याला नसते. घास थेट जठरात जातो. मांस विरघळते; परंतु हाडे, केस, पिसे आणि किड्यांची कठीण कवचे पचत नाहीत. जठराचा स्नायुमय भाग त्यांची दाबून एक घट्ट गोळी बनवतो आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे टाकून देते. ही विष्ठा नव्हे. ती कोरडी, केसाळ, साधारणपणे अंगठ्याएवढी गोळी असते. ससाणे आणि गरुडही अशा गोळ्या टाकतात. पण त्यांचा जठररस जास्त तीव्र असल्यामुळे पुष्कळशी हाडे विरघळून जातात. घुबडाच्या गोळीत मात्र उंदराची कवटी, जबडा, दात जवळजवळ जसेच्या तसे सापडतात.

संशोधक घुबडाच्या बसण्याच्या जागेखालून या गोळ्या वेचतात, पाण्यात भिजवून सोडवतात आणि दातांच्या ठेवणीवरून उंदराची जात ओळखतात. किती उंदीर खाल्ले हे मोजायचे तर जबड्याच्या जोड्या मोजायच्या. विंचू होता की नाही हे त्याच्या नांगीवरून आणि आकड्यांवरून कळते, भुंगा होता की नाही हे पंखांवरच्या कठीण झाकणांवरून. वाळवंटात हे काम अधिक सोपे होते, कारण कोरड्या हवेत, कड्याच्या कपारीत, या गोळ्या लवकर कुजत नाहीत.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. ही घुबडाची रोजकीर्दच म्हणायची. आणि कोणतेही दप्तर वाचताना जी सावधगिरी लागते ती इथेही लागतेच. गोळीत वीस भुंगे आणि एक उंदीर सापडला तर हे घुबड मुख्यतः भुंग्यांवर जगते असे म्हणता येत नाही. वीस भुंग्यांचे वजन एका उंदराच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून संख्येचा हिशेब वेगळा आणि वजनाचा वेगळा मांडावा लागतो. तसेच मऊ शरीराच्या अळ्या मागे फारसा पुरावा ठेवीत नाहीत. दप्तरात नोंद नाही म्हणून घटना घडलीच नाही असे इतिहासात धरत नाहीत, ते इथेही धरता येत नाही.

जेवण आणि पाणी एकाच ताटात

वाळवंटात पहिला प्रश्न पाण्याचा. घुबडाच्या बाबतीत त्याचे उत्तर त्याच्या अन्नातच आहे. उंदराच्या शरीराचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणी असतो. शंभर ग्रॅमचा उंदीर गिळला म्हणजे साठ-सत्तर ग्रॅम पाणी पोटात गेले. शिवाय अन्नाचे शरीरात ज्वलन होताना नवे पाणी तयार होते ते निराळेच. एक ग्रॅम चरबी जळली की एक ग्रॅमहून किंचित जास्त पाणी मिळते. मिळालेले पाणी जपून वापरण्याची सोयही आहे. आपण शरीरातील नत्रयुक्त कचरा लघवीत विरघळवून बाहेर टाकतो आणि त्यात पाणी खर्च होते. पक्षी तो युरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या लगद्यासारखा टाकतात. त्याला पाणी फार थोडे लागते. दिवसभर बिळात, ढोलीत किंवा कपारीत सावलीला बसून राहिले की उन्हाने होणारा तोटाही कमी. त्यामुळे पाणवठा नसलेल्या ठिकाणीही घुबडाचा संसार चालू शकतो.

पण मग त्या उंदराला पाणी कोण देतो? उत्तर अमेरिकेच्या वाळवंटांत कांगारू उंदीर नावाचा एक प्राणी आहे. लांब मागचे पाय, त्यांवर उड्या मारत जाणारा. तो पाणी न पिता कोरड्या बियांवर जगू शकतो. क्नूट श्मिट-नील्सन आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅरिझोनात त्याचा अभ्यास करून हे कोडे उलगडले. बियांतील पिष्टमय पदार्थांचे ज्वलन होऊन शरीरात जे पाणी तयार होते, त्यावरच तो भागवतो. त्याची लघवी अत्यंत दाट असते आणि दिवस तो दमट बिळात काढतो.

आता ही साखळी उलटी जोडून पाहा. वर्षातून दोन-चार वेळा पाऊस पडतो, अल्पायुषी गवत उगवते, बी धरते आणि वाळते. ते कोरडे बी उंदीर खातो आणि त्याचे पाणी करतो. उंदीर घुबड खाते आणि ते पाणी आपलेसे करते. महिन्यांपूर्वी पडलेला पाऊस असा हाताहाती घुबडापर्यंत पोहोचतो. पाठ्यपुस्तकातील 'प्राणिजीवन अल्प' या दोन शब्दांमागे एवढा व्यवहार दडलेला आहे.

निवडुंगातले बुटके घुबड

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरन वाळवंटात सग्वारो नावाचे खांबासारखे उंच निवडुंग असतात. त्यांत सुतार पक्षी ढोल्या कोरतात आणि त्यांनी सोडलेल्या ढोल्यांत जगातले सर्वांत लहान घुबड राहते. एल्फ घुबड हे त्याचे नाव. वजन सुमारे ४० ग्रॅम, उंची आपल्या चिमणीएवढी.

एवढ्या लहान पक्ष्याला कांगारू उंदीर कसा पेलणार? त्याचा आहार मुख्यतः किड्यांचा: पतंग, भुंगे, रातकिडे, नाकतोडे, कोळी आणि विंचू. विंचू खाण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. विंचू पकडल्यावर तो नांगी मोडून टाकतो किंवा निकामी करतो, आणि मगच पिलांना भरवतो. आपल्याकडे विंचू उतरवण्याचे मंत्र असतात. या पक्ष्याने विंचवाचा बंदोबस्त त्याहून खात्रीच्या मार्गाने केला आहे.

किड्यांवर जगणाऱ्याचे कॅलेंडर किडेच ठरवतात. सोनोरन वाळवंटात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस येतो आणि किड्यांची रेलचेल होते. थंडी पडली की किडे दिसेनासे होतात, आणि एल्फ घुबड दक्षिणेकडे मेक्सिकोत स्थलांतर करते. त्याच वाळवंटात राहणारे मोठे शिंगवाले घुबड मात्र जागा सोडत नाही. कारण उंदीर आणि ससे बाराही महिने असतात. दोघांचा मुक्काम एकच असला, तरी ताट वेगळे आणि म्हणून जीवनक्रमही वेगळा. आहार हा केवळ पोटाचा प्रश्न नसून तो पक्ष्याचा सबंध दिनक्रम आणि वर्षक्रम ठरवतो, हे यावरून ध्यानात येईल.

शेणाचे आमिष

आपल्या पिंगळ्याचा एक चुलतभाऊ अमेरिका खंडात राहतो. त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग 'अथीनी' हाच. पण तो ढोलीत न राहता जमिनीतील बिळात राहतो. बहुधा प्रेअरी डॉग किंवा जमिनीवरच्या खारी यांनी खणलेले जुने बीळ तो बळकावतो. लांब पाय, जमिनीवर उभे राहण्याची सवय आणि दिवसाउजेडीही वावर. त्याला आपण बिळातले घुबड म्हणू. त्याच्या खाण्यात दिवसा नाकतोडे आणि भुंगे, तर रात्री उंदीर, अशी दुहेरी व्यवस्था दिसते. कोरड्या प्रदेशांत विंचूही असतात.

हा पक्षी जनावरांचे शेण गोळा करून बिळाच्या तोंडाशी पसरून ठेवतो. कशासाठी? अंड्यांचा आणि पिलांचा वास शेणाने झाकला जावा, म्हणजे बिज्जूसारख्या शत्रूला बिळाचा पत्ता लागणार नाही, असे पूर्वी समजत. २००४ साली डग्लस लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही बिळांपुढचे शेण काढून टाकले, काहींपुढे ठेवले, आणि घुबडांच्या उष्ट्याखरकट्याचा हिशेब केला. शेण असताना घुबडांनी दहा पट अधिक शेणकिडे खाल्ले. म्हणजे ते शेण चक्क आमिष होते! कोळी गळाला गांडूळ लावतो, तसे घुबड दारात शेण टाकून बसते आणि शेणकिडे पायाने चालत त्याच्या जेवणाला येतात. प्रयोग फ्लॉरिडात झाला, वाळवंटात नव्हे. पण शेण पसरण्याची ही चाल पश्चिमेकडील कोरड्या मुलखातील घुबडांतही आढळते.

जिथे अन्न विखुरलेले आहे तिथे ते शोधत हिंडण्यापेक्षा त्यालाच आपल्याकडे बोलावणे फायद्याचे. एवढे अर्थशास्त्र या पक्ष्याला साधले आहे.

पंख आणि कान

घुबडाचे ताट भरते तेव्हा कोणाचा तरी जीव जातो, आणि ज्याचा जीव जातो तोही गप्प बसलेला नसतो. घुबडाच्या पंखांची पुढची कड कंगव्यासारखी दातेरी, मागची कड झालरीसारखी आणि वरचा पृष्ठभाग मखमली असतो. त्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज अत्यंत कमी होतो. गव्हाणी घुबडाचे दोन कान तर एका पातळीत नसतात. एक किंचित वर, एक किंचित खाली. त्यामुळे आवाज डावीकडून आला की उजवीकडून एवढेच नव्हे, तर वरून आला की खालून हेही त्याला कळते. रॉजर पेन या शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखवले की, गव्हाणी घुबड केवळ आवाजावरून उंदीर अचूक पकडते.

यावर कांगारू उंदराने काय उपाय केला? त्याच्या मध्यकर्णाच्या पोकळ्या इतक्या फुगलेल्या असतात की, दोन्ही मिळून त्यांचे आकारमान मेंदूच्या पोकळीहूनही अधिक भरते. घुबडाच्या झेपेत जो अगदी मंद, खालच्या पट्टीचा आवाज होतो तो नेमका या कानांना ऐकू येतो. १९६०च्या दशकात डग्लस वेब्स्टर यांनी दाखवले की, कान शाबूत असलेला उंदीर अंधारातही घुबडाचा घाला येण्याच्या क्षणी उडी मारून निसटतो. मध्यकर्णाची पोकळी भरून टाकली की त्याचा हा बचाव संपतो.

याहून नवल पुढेच आहे. आफ्रिका आणि आशियाच्या वाळवंटांतील जर्बिल आणि जर्बोआ हे उंदीर कांगारू उंदराचे जवळचे नातलग नव्हेत. तरीही त्यांच्यातही अनेकांचे मध्यकर्ण असेच फुगलेले आहेत, आणि जर्बोआ तर तसाच मागच्या पायांवर उड्या मारतो. मोकळे रान, लपायला झुडूप थोडे आणि वरून येणारा अबोल शत्रू ही परिस्थिती सारखी असली की, निरनिराळ्या खंडांत निसर्ग सारखीच उत्तरे शोधतो.

उंदरांच्या वागण्यावरही घुबडाचा धाक असतो. पौर्णिमेच्या आसपास कांगारू उंदीर उघड्यावर कमी हिंडतात. नेगेव्हमध्ये बर्ट कॉटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या जाळीबंद आवारात जर्बिल उंदीर सोडले आणि त्यांवर शिकवलेली घुबडे उडवली. घुबड असताना उंदीर उघड्या जागेवरचे दाणे अर्धवट टाकून झुडपांखाली सरकत. म्हणजे घुबड जेवढे उंदीर खाते तेवढाच त्याचा प्रभाव नाही. न खाल्लेल्या उंदरांनी भीतीपोटी जे दाणे सोडून दिले, तेही घुबडाच्याच हिशेबी धरले पाहिजेत.

सहारा, नेगेव्ह आणि ह्यूमसाहेब

सहारात आणि अरबस्तानात मोठे फिकट रंगाचे 'फॅरो' घुबड राहते. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत 'म' या उच्चारासाठी घुबडाचेच चित्र आहे, तेव्हा या प्रदेशाचा आणि या पक्ष्याचा परिचय जुना आहे. फॅरो घुबडाच्या आहारात जर्बिल आणि जर्बोआ प्रमुख. त्याखेरीज काटेरी साळू, पाली-सरडे, लहान पक्षी, भुंगे आणि विंचू. मोठा घास मिळाला तर मोठा, नाही तर विंचवावर भागवायचे. वाळवंटात निवडखोर राहून चालत नाही.

नेगेव्ह आणि सिनाईच्या खडकाळ दऱ्यांत राहणाऱ्या एका मध्यम आकाराच्या घुबडाची कथा आपल्यालाही जवळची आहे. राष्ट्रीय सभेच्या १८८५ सालच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम आपल्याला इतिहासात भेटतात. ते मोठे पक्षितज्ज्ञही होते आणि 'स्ट्रे फेदर्स' नावाचे पक्षिविषयक नियतकालिक चालवत. १८७८ साली त्यांनी मकरान किनाऱ्यावरून आलेल्या एका नमुन्यावरून घुबडाची नवी जात जाहीर केली आणि कॅप्टन बटलर यांच्यावरून तिला 'बटलरी' हे नाव दिले. पुढे पश्चिम आशियातील तशाच दिसणाऱ्या घुबडांनाही हेच नाव मिळाले. १९७५ साली मेंडेल्सोन, योम-तोव्ह आणि सॅफ्रियेल यांनी ज्यूडिया, नेगेव्ह आणि सिनाई येथील या घुबडांवर लिहिले तेही ह्यूमचे घुबड म्हणूनच. जर्बिल, काटेरी केसांचे उंदीर, पाली, टोळ, भुंगे, विंचू हा त्यांचा आहार.

२०१३ साली ओमानच्या डोंगरांत एक अनोळखी आवाज ऐकू आला आणि त्यावरून ओमानी घुबड जगापुढे आले. मग जुना नमुना पुन्हा तपासला गेला, आणि २०१५ साली निष्पन्न झाले ते असे: ह्यूम यांच्याकडे आलेला तो एकुलता एक पक्षी या ओमानी घुबडाच्याच जातीचा होता, नेगेव्ह-सिनाईचे घुबड वेगळेच, आणि त्याला तोवर स्वतःचे नावच नव्हते! आता त्याला 'हदोरामी' म्हणतात. तात्पर्य, जुन्या ग्रंथांत 'बटलरी'चा म्हणून दिलेला आहार वाचताना तो खरा कोणाचा, हे आधी विचारावे लागते. मूळ साधन पुन्हा तपासा, हा धडा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना नवा नाही.

आपले थर

थरच्या वाळवंटात गव्हाणी घुबड, पिंगळा आणि खडकाळ भागात शृंगी घुबड ही नेहमीची मंडळी. तेथील उंदरांचा अभ्यास जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत, म्हणजे 'काझरी'त, ईश्वर प्रकाश यांनी अनेक वर्षे केला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. थरमध्ये अतिशय विपुल असणारा वाळवंटी जर्ड हा उंदीर दिवसा वावरतो, तर मोठा भारतीय जर्बिल आणि वाळूत राहणारे लहान जर्बिल रात्री बाहेर पडतात. एकाच रानात दोन पाळ्या चालतात. दिवसपाळीवाल्यांवर ससाणे, गरुड आणि तिसे टपलेले, रात्रपाळीवाल्यांवर घुबडे. म्हणून केवळ घुबडाच्या गोळ्या मोजून थरमधील उंदरांची खानेसुमारी केली, तर बहुसंख्यांचीच नोंद तोकडी पडेल.

राजस्थान कालवा, ज्याला आता इंदिरा गांधी कालवा म्हणतात, तो आला आणि वाळूत शेते उभी राहिली. शेतांबरोबर ओल्या जमिनीत राहणारे उंदीरही आले. माणसाने वाळवंटाचा भूगोल बदलला की घुबडाच्या ताटातले पदार्थ बदलतात. पुढचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

ताट रिकामे झाले तर

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्की शहरालगत बिळातल्या घुबडांची एक वस्ती होती. १९९८ साली तिथे ५२ जोड्या होत्या. २०१३ साली एक उरली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ऱ्हासाचा संबंध वाढते तापमान आणि दुष्काळ यांच्याशी जोडला आहे. त्याच काळात घुबडांची वजने घटली आणि पिलेही कमी झाली. आधी सांगितलेली साखळी इथे उलट दिशेने तुटताना दिसते. पाऊस नाही म्हणून बी नाही, बी नाही म्हणून किडे आणि उंदीर कमी, आणि म्हणून घुबडाच्या घरी उपास. वाळवंटातला प्राणी दुष्काळाला सरावलेलाच असतो, असे आपण सहज म्हणतो. सरावाला सीमा असते, हे या आकड्यांवरून समजावे.

दुसरा धोका भरल्या ताटातच असतो. शेतातील उंदीर मारण्यासाठी ब्रोमॅडिओलोनसारखी विषे वापरतात. ती रक्त गोठू देत नाहीत, पण उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस मंदावून हिंडत राहतो. असा उंदीर घुबडाला सर्वांत आधी सापडतो आणि विष त्याच्या यकृतात साठते. १९५०च्या दशकात इस्रायलमध्ये थॅलियमचे विष लावलेले दाणे शेतांत टाकल्यामुळे शिकारी पक्षी मोठ्या संख्येने मेले होते. त्याच देशात १९८३ साली बेत शेआनच्या उष्ण खोऱ्यात स्दे एलियाहू या वसाहतीत याच्या नेमका उलटा प्रयोग सुरू झाला. शेतांत लाकडी पेट्या उभारून गव्हाणी घुबडांना घरे दिली, म्हणजे उंदरांचा बंदोबस्त विषाऐवजी घुबडांनी करावा. पुढे जॉर्डनमधील आणि पॅलेस्टिनी शेतकरीही या उपक्रमात आले. ज्या देशांना एकमेकांशी बोलणे अवघड जाते, त्यांना घुबडाने एका कामाला लावले! सीमेवरचे उंदीर पारपत्र मागत नाहीत, आणि घुबडही मागत नाही.

आपल्या महाराष्ट्रात वाळवंट नाही, पण पर्जन्यछायेतील कोरडे माळ भरपूर आहेत. थरच्या खडकांत राहणारे शृंगी घुबड आपल्या माळांवरच्या ओढ्यांच्या दरडींतही घर करते. पुण्याचे सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी त्याच्या आहाराचा गोळ्यांवरून अभ्यास करून २०११ साली तो प्रसिद्ध केला. शेतीच्या दृष्टीने त्याचे महत्त्व उंदरांमुळेच आहे. आणि तरीही दिवाळीच्या सुमारास तंत्रमंत्रासाठी घुबडे पकडली आणि विकली जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा ठरलेली असूनही हा चोरटा व्यापार चालतो, हे 'ट्रॅफिक' या संस्थेच्या २०१० सालच्या अहवालाने दाखवून दिले. लक्ष्मीच्या पूजेच्या दिवशी लक्ष्मीच्या वाहनाचा बळी द्यायचा, आणि मग उंदरांनी कणसे खाल्ली म्हणून दुकानातून विष आणायचे, आणि त्या विषाने उरलेली घुबडेही मारायची! यात लक्ष्मी कोणाच्या घरी जाते? घुबड विकणाऱ्याच्या आणि विष विकणाऱ्याच्या. शेतकऱ्याच्या घरी तर नक्कीच नव्हे.

घुबडाच्या आहारात पावसाचा, बियांचा, किड्यांचा, उंदरांचा आणि शेवटी माणसाचाही हिशेब येतो. तो हिशेब ते रोज रात्री मांडते आणि सकाळी खडकाखाली टाकून देते. वाचणारा मात्र हवा. घुबड ओरडले की काहीतरी अशुभ घडणार, असे आपल्या आज्या सांगत आल्या. वाळवंटातील घुबडांविषयी वाचल्यावर मला वाटते की, अशुभाची खूण आपण थोडी चुकीच्या जागी शोधत होतो. ज्या रानात घुबड रात्री ओरडते, तिथे त्याला अजून काही खायला मिळते आहे. काळजी करायची ती ज्या रानात ते ओरडेनासे होईल त्या रानाची.